उंबरा, आर. एल. १.५६०

तिसऱ्या वर्षाचा सर्व्हे कॅम्प
मुकादम मॅडमनी नकाशावर बोट ठेवून ठरवला:
जयगडची खाडी, जेट्टी ते मराठी शाळा, सातशे मीटर.
मी गप्प बसले.
त्यांच्या नखाखाली आमचं घर होतं.

आमच्या बॅचला आली ती कॉलेजातली सर्वांत जुनी डंपी लेव्हल,
पितळ काळवंडलेलं, आत जग उलटं.
पहिल्या सेमिस्टरला सगळे हसतात, मग सवय होते:
माडांचे शेंडे खाली, बुंधे आभाळात,
होड्या वलांडीवरच्या बोंबलांसारख्या
वरून लोंबणाऱ्या.

स्टाफ घवाळीकडे होता. तिला ऊन लागलं.
"कुणीतरी धरा रे," मॅडम म्हणाल्या,
आणि जेट्टीवर जाळं शिवत बसलेली एक बाई उठली,
ओचा खोचून चिखलात उतरली.
मी आई म्हणून हाक मारली नाही.
तिनंही ओळख दाखवली नाही.

स्टाफ धरणाऱ्यानं तो किंचित पुढंमागं डोलवायचा असतो,
सर्वांत कमी दिसेल तेच रीडिंग खरं.
हे कळायला आम्हांला एक अख्खं लेक्चर लागलं.
ती डोलतच होती.
डोक्यावर टोपली घेऊन तरीत उभी राहणारी बाई
जमिनीवरसुद्धा अगदी स्थिर अशी
कधी उभी राहत नाही.

भिंगात ती उलटी.
पायांचा चिखल तिच्या वर
आणि डोक्याखाली नुसतं आभाळ.

मोरीचा कठडा, बेंचमार्क ४.२१५. बॅकसाइट ०.८६०.
यंत्राची उंची ५.०७५.
जेट्टीच्या पायरीवरची हिरवी रेघ, उधाणाची: ३.५९५.
"आता त्या घराचा उंबरा घे."
त्या घराचा.
३.४१५.

वजाबाकी मी तिथंच केली, गुडघ्यावर वही.
उधाणाच्या वर अठरा सेंटिमीटर.
मला राहवलं नाही, ओरडले, "वीतभर आहे जवळजवळ!"

"चार बोटां हाय ती," बाई उंबऱ्यावरून म्हणाली.
"तुज्या बापसान दोनदा उंबरा चढवलान,
तवा कुठं चार बोटां."

वणूनं वहीतून मान वर काढली.
घवाळी सावलीत उठून बसली.
मॅडमनी फक्त डोळा भिंगाला लावला, बराच वेळ,
मग म्हणाल्या, "पुन्हा वाच. पट्टी उलटी दिसते,
आकडे वरून खाली वाढतात."
३.५१५.
एक अख्खा डेसिमीटर मी खाल्ला होता,
नाहीतर घराला दिला होता,
कसंही म्हणा.

फील्डबुकात खोडरबर चालत नाही.
चुकीवर एकच रेघ, बरोबर आकडा वर, शेजारी सही.
खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे.
१.६६० वर रेघ मारताना
पेन्सिलीचं टोक मोडलं. वणूनं त्याची दिली.

आईनं विचारलं, हे मोजता ते कुठपासून?
म्हटलं, समुद्रसपाटीपासून. वर्षानुवर्षांच्या
भरती-ओहोटीची सरासरी.
"तितं पाणी थांबतं कदी?"
थांबत नाही. येता-जाता लागतं, दिवसातून चारदा.
ती हसली. "आमाला भांग कळतो, उधाण कळतं.
ह्या मधल्याचं तुमी बगा."

रिमार्क्सच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
'जाक्कर यांचे घर' लिहिलं,
स्वतःचंच आडनाव, परक्यासारखं, सरकारी अक्षरात.
मॅडमनी वाचलं, तपासल्याची खूण केली.

मग चहा झाला.
अकरा जणांची बॅच, चपला बाहेर,
एकेक जण उंबऱ्यापाशी जरा थबकला
आणि पाय उचलताना
लागतो त्याहून
थोडा जास्तच उचलून
आत आला.