दोन करक

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे घर पाहावं चेक फाडून.
चार चेक, पुढच्या तारखांचे.
अजून न उजाडलेल्या चार दिवसांवर
सह्या करून आले
आणि देऱ्यात, नाइफच्या मागच्या गल्लीतली
तिसऱ्या मजल्याची चावी
पर्समध्ये टाकली.

दलाल मोईज, हैदराबादचा.
लिफ्टच्या आरशात केस नीट करत म्हणाला,
"फॅमिली बिल्डिंग है मॅडम. आपकी फॅमिली?"
म्हटलं, मी.
"और कौन?"
म्हटलं, एवढीच.
त्याने रकाना रिकामा सोडला,
मग काय वाटलं कोण जाणे,
एकचा आकडा काढला.

अकरा वर्षं मी पडद्याआड झोपले.
पलीकडे सेबूची मार्लिन, तिच्या पलीकडे फ्रिज.
कोणाचा घास कोणता, ते झाकणांवर लिहिलेलं.
मेतकुटाच्या डबीवर मी लिहायचे: औषध.

आता सगळं माझं.
भिंतीतला खिळा, गळका नळ,
बाल्कनी, जिच्यात खुर्ची मावते
पण बसलं की गुडघे मावत नाहीत.
खाली सुटकेसांचा बाजार.
मध्यरात्रीपर्यंत चाकं वाजतात,
कोणी कंपालाला निघालंय, कोणी काबूलला,
एकतिसावा किलो फुटपाथवर काढून ठेवलेला.
हिशेब चार भाषांत, भांडण एकाच.
"रौनक है," मोईज म्हणाला होता.
आहे. कानात बोळे घालून झोपावं इतकी.

पहिल्याच संध्याकाळी सात वाजता बेल.
दारात पोरगा, कॅफेटेरियाची टोपी,
दोन कागदी कप, वर फॉइल.
"तीन सौ चार. दो करक."
मी मागवले नव्हते.
वहीत आहेत, म्हणाला.
आधी इथे इद्रिसचाचा राहायचे, सुदानचे,
टायपिंग सेंटरात लोकांचे अर्ज टाइप करायचे.
महिन्याचे पैसे आगाऊ दिले
आणि बारा तारखेला गेले.
परत येणार?
त्याने खांदे उडवले. टोपी जराशी हलली.

दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्याही.
एक मी प्यायचे, दुसरा ओट्यावर.
सकाळी त्यावर सुरकुतलेली साय.
ओतताना वाटायचं,
कोणाचं तरी येणं बाकी आहे यात.

मी व्हिसाच्या मेडिकलमध्ये रक्त काढते.
दिवसाला दोनशे दंड. मूठ वळा, मूठ सोडा.
चेहरे राहत नाहीत, शिरा राहतात.
कप पुढे करताना या पोराची दिसली,
डाव्या हाताची, पटकन सापडणारी.
कधीतरी माझ्याच खुर्चीत बसून गेला असेल.

शेवटी विचारलं,
चाचा एकटेच ना? मग दोन कशाला?

तो जिन्याकडे बघत राहिला.
दिलमान नाव, धनकुट्याचा.
डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद, म्हणून चढून येतो.
म्हणाला, दूसरा मेरा होता था.
चाचा म्हणायचे, बस, संपव, मग जा.
इथे, या चपलांच्या जागी.
पाच मिनिटं.
"आप नए हैं, इसलिए बोला नहीं."

नऊ कप. मी मोजले.
नऊ दिवस त्याच्या वाटणीचा चहा
मी मोरीत सोडला होता.

खुर्ची एकच. ती दाराशी ओढून आणली.
तो तिच्यावर बसला नाही,
दाराच्या पट्टीवर बसला.
मग मीही खालीच.
फॉइल काढलं. वेलची. खालून चाकं.
फारसं बोललो नाही.
घड्याळ बघत त्याने चार मिनिटांतच संपवला
आणि माझा रिकामा कपही घेऊन गेला.

एकतीस तारखेला कॅफेटेरियात जाऊन
वही उघडायला लावली.
मालकाने इद्रिसवर आडवी रेघ मारली.
नाव?
सांगणार होते.
म्हटलं, तीनशे चारच लिहा.
किती?
दोन.
साखर?
एकात कमी, म्हटलं.
दुसऱ्यातली त्यालाच विचारा.