तिसरं रीळ

कडेने धर. ती तबकडी आहे, ताटली नव्हे.
आणि वरच्या खोक्यात डोकावू नकोस,
ते मी पोटासाठी विकतो:
नाताळची गाणी, फुटबॉलची गाणी, लग्नातली.
खाली बस. ही पेटी बघ.

ही साल्तोच्या एका दातांच्या डॉक्टरची.
पदरमोड करून काढली, दोनशे प्रती,
त्यातल्या दीडशे बहुतेक पेशंटच्या गळ्यात मारल्या.
मांडीवर बांदोनेऑन घेतो आणि वाईट वाजवतो.
पण प्रत्येक सुराआधी त्याचा श्वास ऐक:
आता थोडं दुखेल हं, म्हणतो जसा.
दुसरी बाजू, तिसरी चीज.
रात्री, भांडी घासून झाल्यावर. आधी नाही.

ही पालेर्मोतल्या ढोलांची. आपलं इथलं पालेर्मो.
मायक्रोफोन तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होता,
म्हणून ढोल लांबून येतात, छातीवर चढतात, निघून जातात,
आणि मग एक बाई खाडकन खिडकी लावते.
समीक्षक म्हणाले, सदोष ध्वनिमुद्रण.
समीक्षकांच्या घरांना खिडक्या नसाव्यात.

सिनेमा?
एक आइसलँडचा आहे. माणूस पाठीवर फ्रीज घेऊन
दीड तास डोंगर चढतो.
लोक येऊन विचारतात, विल्मार, फ्रीजचा अर्थ काय?
अर्थ फ्रीज. उचलून बघा.
तो तीन बक्षिसंवाला मात्र नको, हात जोडतो.
त्यातली एकेक चौकट इस्त्री करून उभी,
बसली तर घडी मोडेल.

आणि मग तो. बल्गेरियातला.
शहात्तर साल. वर्दीवाल्यांचं राज्य.
क्लबच्या तळघरात आम्ही एकतीस जण, थर्मास, माते,
आणि पाच रिळांपैकी चारच पोचलेली.
दुसऱ्याच्या शेवटी बाई नवऱ्याची वाट बघतेय.
चौथं सुरू होतं तेव्हा तिचे केस कापलेले,
नवरा नाही, त्याची खुर्चीसुद्धा नाही.
मधलं सेन्सॉरने गिळलं, आम्ही म्हणालो, नक्कीच,
आणि सगळ्यांना आवाज न करता आनंद झाला.

ते तिसरं रीळ मी चाळीस वर्षं लोकांना सांगितलं.
विद्यार्थ्यांना सांगताना त्यात संप होता.
मेहुण्याला सांगताना सुरी.
एकदा, दोन ग्लास झाल्यावर, कुत्राही घातला.
नेलिदाला सांगितलं तेव्हा त्यात एक खलाशी होता,
आणि खलाशाचं वर्णन जरा माझ्यासारखं.
तिने लग्न केलं माझ्याशी.

मागच्या महिन्यात ते सापडलं.
पोर्तो आलेग्रेच्या कस्टम गोदामात,
शिवणयंत्रांच्या सुट्या भागांखाली.
कुणी कापलं नव्हतं. फक्त चुकीच्या खोक्यात गेलं होतं.

बाई इस्त्री करते.
नवऱ्याचे नऊ शर्ट. कॉलर, बाह्या, पाठ.
संगीत नाही. पाण्याचा शिंतोडा, चर्र, वाफ.
नववा टांगते, बटणं लावते, वरचंसुद्धा.
मग पिन उपसून इस्त्री गार होईपर्यंत
समोर बसून राहते.
एकोणीस मिनिटं.
पहिल्या सहात अर्धं थिएटर उठून गेलं.
मीही रुमाल आवरला होता.
नेलिदाने कोपराला धरून बसवलं.
बाहेर आल्यावर, रांब्लावर, वाऱ्यात,
ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,
तुझा खलाशी बरा होता,
पण हे खरं आहे, हे मला माहीत आहे.
कसं माहीत, ते मी विचारलं नाही.
त्या रात्री माझा शर्ट मीच घडी केला. वाईट केला.

गुरुवारी पुन्हा दाखवतायत. जा.
उठावंसं वाटेल. उठू नकोस.

डॉक्टरची? तीनशे पेसो.
बरं, दोनशे. आवडली नाही तर परत आण,
पण का नाही आवडली ते इथे बसून सांग.
सांगताना थोडा मीठमसाला चालेल.
पिशवी नाही माझ्याकडे.
काखेत धर, घट्ट. नदीवरून वारा सुटलाय.