मळ नाही

तिझिमिनच्या दवाखान्यात
विल्बर्थची आई आधी माफीच मागते:
"रोज घासते हो, लिंबू लावून, काथ्यानं.
मानेचा मळ काही निघत नाही."

अकरा वर्षांचा विल्बर्थ
पंख्याची पाती मोजतो.

मी टेप लावते बेंबीशी.
तो पोट आत ओढतो,
फोटोसाठी ओढावं तसं.
"फोटो नाही काढत रे," म्हणते.
तो हसतो. आकडा सुटतो:
ब्याण्णव.

रक्त उपाशीपोटी हवं होतं.
"उपाशीच आहे. नुसता कोला प्यायलाय,
नळाचं पाणी चुनकट लागतं ना."
बरं. उद्या या.

मानेवरून बोट फिरवते.
काळी, मखमली.
घासू नका, बाई. हा मळ नाही.
साखरेची तपासणी करू.

ती काही विचारत नाही.
स्वतःची जाड वेणी
मानेवरून बाजूला घेते
आणि माझ्याकडे पाठ करते.