आभार, शेवटच्या पानावर

निवृत्तीच्या समितीला यादी हवी आहे.
डॉ. एलिनेड प्रॉसर, गवताचं जीवरसायन,
शोधनिबंध अठ्ठेचाळीस,
आणि प्रत्येकापुढे एक आकडा:
जगात कितीजणांनी तिचं नाव घेतलं.
ती म्हणाली, "ईव्होर, तूच कर.
मला माझीच बेरीज जमत नाही."

म्हणून बसलोय खिडकीशी.
बाहेर कार्डिगनच्या उपसागरावरून चढणारं धुकं,
उतारावर मेंढ्या, त्यांच्या पाठीवर निळ्या खुणा.
आत हीटरची गुरगुर
आणि काचेच्या नळ्या, ज्या मी
अठ्ठावीस वर्षं धुतोय.

सगळ्यात वर, नऊशे बारा उद्धरणं:
सत्त्याण्णव सालचं दोन पानी टिपण.
पात्याचा रस काढताना तो काळा पडू नये म्हणून
काय घालावं, किती घालावं.
एवढंच.
खरं सांगायचं तर तो एक शुक्रवार होता,
खलबत्ता माझ्या हातून निसटला,
गोठलेली हिरवी भुकटी
शेजारच्या पांढऱ्या पावडरच्या डब्यात गेली,
आणि मी माफी मागत असताना ती म्हणाली,
"थांब. पुसू नकोस."
सोमवारीही रस हिरवाच होता.
आता ब्राझीलमध्ये ऊस, कोरियात मुळे,
कुठे कुठे काय काय कुटतात
तिचं नाव घेऊन.

खाली, बरंच खाली, दोन हजार नऊ.
अकरा हिवाळ्यांचं काम.
बर्फाखालचं रायगवत साखरेला साखर जोडत
साखळी कशी विणतं,
आणि कोणतं विकर ती विणतं.
उद्धरणं चार.
त्यातली तीन तिचीच.
आपलीच पाठ आपण थोपटावी तशी.
पण त्या वर्षांत
थोपटायला दुसरा हात होता कुठे?

चौथं होक्काइदोहून आलं.
"प्रॉसर यांचं हे मापन आमच्या मते चुकीचं आहे."
त्या दिवशी तिनं सगळ्या मजल्याला
मनुकांचा बारा ब्रिथ वाटला, वर जाड लोणी.
"त्यानं तिसरा तक्ता वाचलाय, ईव्होर!
तळटीपसुद्धा!"
मग दोन महिने आम्ही पुन्हा मोजत बसलो.
तो निम्मा बरोबर होता.

सात उद्धरणं मला सापडलीच नाहीत.
शेवटी दिसली कॅनडातल्या
कुणा ई. प्रॉसरच्या खात्यात, दंतवैद्य आहे.
पत्र लिहू का, विचारलं.
"राहू देत त्याच्याकडे.
दाढांचा आणि गवताचा संबंध
मेंढ्यांना विचार."

तिचा भाऊ टेगिड, त्याच मेंढ्यांचा मालक,
नाताळच्या जेवणात दरवर्षी विचारतो,
"आयुष्यभर तू नेमकं उपटलंस काय?"
"गवत," ती म्हणते,
आणि बटाटे पुढे सरकवते.
त्याच्या खालच्या कुरणात
तिच्याच वाफ्यातून निघालेलं बी आहे, सहा वर्षं झाली.
मेंढ्या खातात. संदर्भ देत नाहीत.

माझं नाव लेखकांत कुठेच नाही.
ते शेवटच्या पानावर असतं, बारीक टायपात,
देणगीदारांच्या नंतर, परीक्षकांच्या आधी.
एकतीस वेळा आभार,
एकदा ईगोर म्हणून.
समितीच्या फॉर्मवर यासाठी रकाना नाही,
आणि मीही शोधला नाही,
म्हणजे एकदाच शोधला.

यादी छापून टेबलावर ठेवली.
तिनं बेरीज पाहिली नाही.
दोन हजार नऊची आपली प्रत काढली,
मागचं पान उघडलं,
ईगोरवर पेनानं रेघ मारली
आणि वर ईव्होर लिहिलं.
"पंधरा वर्षं उशीर झाला," म्हणाली.
मी म्हणालो, रस काढायला याहून उशीर झालाय.

उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, डावीकडे खाली,
त्या अकराव्या हिवाळ्याचं गवत अजून आहे.
कुणी मोजलेलं नाही.
पिशवीवर तारीख, वाफ्याचा नंबर,
अक्षर माझं.