कमाईचा उतारा

सरकारी पाकीट आलं.
टोलेडोत अजून बर्फ आहे,
टपालपेटीचं झाकण बुक्की मारल्याशिवाय उघडत नाही.
आत दोन पानं : डावीकडे वर्ष, उजवीकडे कमाई.
बाकी काही नाही.

१९७९ : सहाशे बारा डॉलर.
ती आइस्क्रीमच्या दुकानाची खिडकी, कॅझ.
तू रोज फुकट खायचास आणि वर चेरी मागायचास.

१९८३. रसायनशास्त्राची पदवी,
काचेच्या कारखान्याची प्रयोगशाळा, नऊ हजार आठशे.
गाड्यांच्या कारखान्यात तू माझ्या दुप्पट कमावत होतास.
थँक्सगिव्हिंगला तू पगाराची चिठ्ठी
ताटाखालून बाबांकडे सरकवलीस.
"चार वर्षं पुस्तकं खाल्लीस, पोरी, आता हे खा,"
म्हणत त्यांनी मला मटार वाढले.
मटार मला अजून जात नाहीत.

मग आकडे जिना चढू लागतात,
मधेच पायरी गायब.
१९९० शून्य. १९९१ शून्य.
सरकारलेखी मी त्या दोन वर्षी नव्हतेच.
नादियाचा कान ठणकायचा,
तिला खांद्यावर टाकून हीटरसमोर
पहाटेपर्यंत घातलेल्या येरझाऱ्या :
त्यांना रकाना नाही.

तुझाही उतारा आणलाय मी,
तुझ्या ड्रॉवरमधला, मोज्यांखालचा.
दोन्ही शेजारी ठेवले, पट्टी लावली.
कुठल्या वर्षी मी तुझ्या पुढे गेले?
१९९७.
एकशे चाळीस डॉलरनी.
त्याच वर्षी तुझा गुडघा पहिल्यांदा उघडला.
मी पर्यवेक्षक झाले, नवा कोट घेतला,
तुला फोन करायचा राहून गेला.

पुढे तुझी रेघ सपाट,
जानेवारीतल्या मॉमी नदीसारखी.
माझी चढत राहिली,
आणि २००९ला धाडकन खाली. भट्टी थंड, निम्मा पगार.
तेव्हा कुणीतरी माझ्या दारात बटाट्यांचं पोतं ठेवून गेलं,
बेल न वाजवता.
लंगडणाऱ्या पावलांचे ठसे होते बर्फात.

छपन्नाव्या वर्षी माझा सगळ्यात मोठा आकडा.
त्यानंतर महागाईशी कशीबशी बरोबरी,
मग तीही नाही.
नवी पोरं माझ्याहून जास्त पगारावर रुजू होतात
आणि मलाच विचारतात, काचेत बुडबुडा का राहतो?
मी सांगते.
सांगण्याचे वेगळे पैसे नसतात.

तुझा रकाना २०१४ला थांबतो.
खाली बारीक अक्षरात :
नोंदीत चूक आढळल्यास कळवावे.

पेन घेऊन बसलेय मी,
कॅझ,
कधीची.