पाय टेकतात का

शोरूममधल्या पोरानं विचारलं, काका, बजेट?
मी म्हटलं, आधी बसून बघू दे.
पाय टेकतात का ते बघू दे.

बाकी सगळं त्याला पाठ होतं,
ॲव्हरेज, हप्ता, डिस्क ब्रेक, वर एक हेल्मेट फुकट.
टाकीला हात लावला तर अशी गार
की बाहेर चोपड्यात चव्वेचाळीस आहे हे विसरायला झालं.
डावा पाय पूर्ण टेकला.
उजव्याची नुसती बोटं.
त्या पायात रॉड आहे, तो बोटभर आखूड आहे,
आणि ब्रेक त्याच पायाचा,
हे मी पोराला सांगितलं नाही.

अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीतला माणूस.
काळी-पिवळीत गुडघे आडवे धरून,
एसटीच्या दारात लोंबून,
एकदा तर केळीच्या आयशरमध्ये, घडांच्या मध्ये.
शर्टाला लागलेला चीक अजून गेलेला नाही.
अडावदच्या पतपेढीत साडेनऊला पोचायचं
ते मी पावणेअकराला पोचायचो.
साहेब बोलत काही नसत. घड्याळाकडे बघत.

मग संध्याकाळची सहाची बसही बंद झाली.
तेजल म्हणाली, पप्पा, आता घ्याच.

इस्माइल मिस्तरी म्हणाला, भो, फुगलेली टाकी बघू नको.
रोज नोकरीवर जायचंय तुला, वरातीत नाही.
शंभरची घे, हलकी घे.
पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे.
मग थांबला. पान्हा पुसत राहिला.
पडशील असं नाही म्हणत मी.

पहिलीच का, विम्यावाल्यानं विचारलं.
पहिलीच म्हणायची.
आधीची भावाची होती. तिच्यावर मी आणि सुपडू,
चहार्डीहून परतताना, अंधार,
पुढं उसाची ट्रॉली, तिला ना दिवा ना लाल फडकं.
मला रॉड. सुपडूची दोन बोटं गेली.
त्यानंतर तो बाजारात कधीही भेटला
तर तो हात खिशात असायचा.
माझ्यासाठी खिशात असायचा,
हे मला तेजलच्या आईनं सांगितलं, तेव्हा कळलं.

पहिले आठ दिवस पहाटे, मार्केट यार्डाच्या मागं.
क्लच सोडला की गाडी उसळायची,
पहिल्यांदा जुंपलेला गोऱ्हाच.
मी दुसऱ्या गिअरच्या पुढं जाईना.
बिडी ओढत बसलेला एक हमाल म्हणाला,
"काका, तिले चौथा गेर बी शे!"

नवव्या दिवशी रस्ता.
जाताना सूर्य डोळ्यांत, येतानाही डोळ्यांतच,
नोकरी पूर्वेला असली की असंच.
डाव्या अंगाला धुरकट सातपुडा,
उजव्या अंगाला केळीचे बाग,
आणि त्यांच्याजवळून जाताना दोन सेकंद गार.
हे दोन सेकंद मी विसरूनच गेलो होतो.
एसटीच्या खिडकीतून ते येत नाहीत.
येतही असतील, पण मग ते सगळ्यांचे.

ट्रॉली दिसली की पोटऱ्या अजून आखडतात.
मी लाजत नाही. कडेला घेतो,
डावा पाय टेकतो, पाणी पितो,
तिला जायचं तिथं जाऊ देतो.
तरी नऊ पंचवीसला पोचलो.
पतपेढीला कुलूप होतं.

रविवारी सुपडूच्या दारात हॉर्न वाजवला.
तो आला. अंगठ्यानं टायर दाबून बघितलं.
साखळी ढिली आहे म्हणाला.
"कितीले लिधी?"
सांगितलं.
"चार हजार जास्ती लागनात तुले."
आत गेला. मला वाटलं, झालं.
तर डोक्याला रुमाल बांधून परत आला
आणि न विचारता मागं बसला.
खांद्यावर हात ठेवला. तोच हात.

त्याच्या वजनानं गाडी थोडी खाली बसली.
उजवा पाय टेकला.