हळू

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
एका हॉलची चार पार्टिशनं. आमचं बिनखिडकीचं.
प्लायच्या पलीकडे परकार दिवसभर झोपतो,
रात्रभर बंदरावर क्रेन चालवतो.
माणूस वाईट नाही.
कधी दाराशी खजूर ठेवून जातो,
त्याचीही एक आहे म्हणे दापोलीत, एवढीच.

जुईचा पहिला शब्द, हळू.
आईच्याही आधीचा.

ठोकळे फरशीवर वाजतात,
म्हणून गादीवर मांडायचे.
गादीवर मनोरा उभा राहत नाही.
तिसऱ्या ठोकळ्याला ती थांबते
आणि आधी प्लायकडे बघते.

बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं:
गाण्याच्या वेळी ओठ हलतात हिचे,
आवाज येत नाही.
एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा.
मी बरं म्हटलं.
भाडं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

शुक्रवारी संध्याकाळी तिला खाडीवर नेलं.
म्हटलं, ओरड. हवं तेवढं ओरड.
तिने पाणी बघितलं, लाकडी गलबतं बघितली,
कठड्यावरचे पक्षी मोजले, ओठांतल्या ओठांत.
मग मला खाली वाकवून
कानाशी विचारलं,
इथे कोण झोपलंय?